बद्द वाजणारा टोप

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा, तडा गेलेला टोप आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. वजनाला भारी, रंगाला काळे आणि स्वभावाने थोडे हट्टी. तापायला वेळ लावते आणि तापले की लवकर निवत नाही. मला गोष्ट सांगण्याची सवय नाही. टोपाला तोंड मोठे असले तरी बोलता येत नाही. कोणी वाजवले तर वाजायचे, एवढीच आमची भाषा. तेव्हा सांगताना काही पुढेमागे झाले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथे लिफ्टची चाके ओतत. लिफ्टचा जाड दोर ज्या चाकावरून वर-खाली जातो, ते चाक. एका संध्याकाळी दिवसभराची चाके ओतून झाल्यावर भट्टीत थोडा रस उरला. वितळलेल्या लोखंडाला तिथले लोक रस म्हणतात. नुकत्याच कामाला लागलेल्या एका तरुणाचे लग्न ठरले होते. साचे करणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला हाक मारली आणि म्हणाला, की संसारात एक तरी भांडे असे असावे, जे आपल्या मागे उरेल. मग त्याने वाळूत माझा साचा केला आणि उरलेला रस त्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी वाळू झाडून मला बाहेर काढले. टोपाच्या कड्यांना कान म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या तरुणाने माझ्या एका कानाला दोरी बांधून मला टांगले आणि लहानशा हातोडीने एक ठोका दिला. मी वाजलो. वाजलो म्हणजे काय, गायलो. तो आवाज पार छपराला जाऊन परत आला.

"खणखणीत," तो म्हणाला.

स्वतःविषयी मी ऐकलेला तो पहिला शब्द. पुढे अठ्ठावीस वर्षे मी त्या एका शब्दाच्या जिवावर जगलो.

पुढे त्याचे कामच ते झाले. ओतलेले प्रत्येक चाक साखळीला टांगायचे, हातोडीने ठोकायचे आणि ऐकायचे. चांगले चाक वाजतच राहते. ज्याच्या पोटात तडा असतो, डोळ्यांना न दिसणारा, ते नुसते 'बद्द' म्हणते आणि गप्प होते. चांगल्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका, बद्द वाजणारे परत भट्टीत. त्याचा कान इतका तयार झाला, की ओतशाळेत त्याला सगळे कानसेन म्हणू लागले. त्याचे खरे नाव हजेरीबुकात तेवढे राहिले.

घरीही त्याची ती खोड सुटली नाही. कप, कुंडी, कलिंगड, काहीही ठोकून बघितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे. त्याची बायको हसून सांगे, "पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहा प्यायच्या आधी बशीला टिचकी मारली यांनी. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा डोक्याने जरा हलका आहे." पण हसता हसता घराला एक सवय लागली. कानसेनाने एखादी वस्तू वाजवून बरी म्हटली, की ती बरी. पुढे कोणी आपले कान वापरायचेच नाही.

रविवारी तो मटण शिजवायचा. हे त्याला त्याच्या आईने शिकवले होते. नळीची हाडे, कांदा, लसूण, मिरी, मीठ, थोडे पाणी. झाकण ठेवायचे आणि आच मंद करायची. त्यानंतर चार तास, टोपाने सांगितल्याशिवाय झाकण उचलायचे नाही, हा त्या मायलेकांचा कायदा. "टोप स्वतः सांगतो," आई म्हणायची. कानसेन शेगडीकडे पाठ करून स्टुलावर बसे, मांडीवर वर्तमानपत्र. आत रटरट सुरू झाली, की न बघता हात मागे नेऊन आच कमी करी. बुडुक, बुडुक असा सावकाश आवाज आला, की मान डोलावी. पाणी आटत आले, की मी चुरचुरायला लागे. मग तो उठे आणि गरम पाणी घाली. त्या घरात माझे बोलणे समजणारे माणूस होते. भांड्याला आणखी काय हवे?

मग चांगले दिवस जसे जातात तसे गेले. कामाचा रेटा वाढला, रविवारीही तो ओतशाळेत जाऊ लागला. घरात शिट्ट्या मारणारा एक चकचकीत उडाणटप्पू कुकर आला आणि मी कपाटावर गेलो. चार वर्षे मी जुन्या वर्तमानपत्रांखाली होतो. माझ्यावर गंज चढला. त्याच काळात त्या घरात आणखी कशावर तरी गंज चढत होता. ते मला वरून दिसले नाही. दिसले असते तरी टोपाने काय केले असते, कोण जाणे.

एका सोमवारी कानसेन सकाळी कामावर गेला आणि तासाभरात परत आला. भट्टीच्या आतले विटांचे अस्तर कोसळले होते. माणसे वाचली, पण नवे अस्तर लावून सुकेपर्यंत आठ दिवस काम बंद. ओतशाळेच्या अंगणात पिवळा ठिपका मारलेली एकशे चाळीस चाके तयार होती. ओतशाळा उघडेल त्या सकाळी ट्रक येऊन ती नेणार होता. त्यातली बरीचशी एका नव्या, चौदा मजली दवाखान्यासाठी होती. हे सगळे त्याने एका दमात सांगितले. अलीकडे तो असाच बोलायचा, मध्ये फट न ठेवता.

"आठ दिवस घरी? मग त्या टोपाला खाली काढा," बायको म्हणाली. तिला आनंद झाला होता.

त्याने मला उतरवले, वाळूने घासले, तेल लावून पुसले. मग एका कानाला धरून त्याने टिचकी मारली. चार वर्षांनी मी गायलो. मी तर म्हणेन, बरा गायलो.  त्याने आधी आपल्या दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती हसली. तेव्हा तो म्हणाला, "खणखणीत."

मला ते खटकले. मग मी स्वतःलाच दोष दिला. इतकी वर्षे धूळ खाल्ल्यावर माझाच आवाज खाली गेला असेल, असे वाटले.

पहिल्या दिवशी मांडीचा तुकडा शिजला. घरभर असा वास सुटला, की शेजारीण जिन्यात थांबून विचारून गेली, आज कोण येणार आहे. सगळे बोटे चाटत जेवले. पण कानसेन या वेळी शेगडीकडे पाठ करून बसला नव्हता. तोंड करून बसला होता. आणि तो झाकण उचलत होता. पाच मिनिटांनी एकदा, मग पुन्हा. उतावळा झाला आहे बिचारा, मला वाटले.

दाराजवळच्या खुर्चीत त्याची आई बसलेली असे. तिला बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हते. जवळच्या माणसाचे ओठ बघून ती बोलणे ओळखायची. घरातले लोक तिच्याशी ओरडून बोलत आणि ती तिथे नाहीच असे समजून आपापसांत हळू बोलत. ती काही न बोलता बघत राही. त्या आठवड्यात ती आपल्या मुलाकडे फार बघत होती. एरवी तो तिला दिवसाउजेडी दिसायचा कुठे?

तिने काय काय पाहिले, ते मीही पाहिले. मला अर्थ कळला नाही एवढेच. विनोद झाला की तो इतरांच्या नंतर, एका श्वासाच्या अंतराने हसे. एकदा बायकोने पाठमोरे उभे राहून विचारले, "कांदे किती चिरू?" तो म्हणाला, "हो." ती हसून म्हणाली, "हो नावाचा आकडा शाळेत नव्हता आमच्या." तोही हसला. एका श्वासाच्या अंतराने.

बुधवारी पाणी आटले. मी चुरचुरलो. मग जोरात चुरचुरलो. तो तिथेच, हाताच्या अंतरावर स्टुलावर बसून कांदा सोलत होता, आणि माझी हाक त्याच्या कानावरून जात होती. शेवटी करपल्याचा वास नाकात गेला तेव्हा तो धडपडून उठला, झाकण उडवले आणि समोर दिसला तो थंड पाण्याचा तांब्या माझ्यात रिकामा केला.

तापलेल्या बिडावर थंड पाणी घालू नये, हे तो ज्या वयात शिकला, त्या वयात इतर मुले पाढे शिकतात.

तट्.

माझ्या बुडापासून पोटापर्यंत केसाएवढा तडा गेला. तो आवाज मोठा नव्हता, पण तसा आवाज ऐकण्यासाठी तर त्या माणसाला ओतशाळेने ठेवले होते. त्याने मान वर केली नाही.

"खरपूस झालंय म्हणू या," जेवताना बायको म्हणाली आणि सगळ्यांनी तळ खरवडून खाल्ला. मग त्याने मला धुतले आणि सवयीने टिचकी मारली.

मी म्हणालो, "बद्द."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते म्हणालो. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"खणखणीत," तो म्हणाला.

मुलगी दारात थबकली. "बाबा, आज कसंतरीच वाजलं."

तिचे बोलणे त्याने तोंडाकडे बघून ओळखले. "ओला आहे ना, म्हणून," त्याने सांगितले.

बायकोनेही माझा आवाज ऐकला होता. तिच्या हातातले फडके क्षणभर थांबले. पण ती मुलीला म्हणाली, "अगं, ते अठ्ठावीस वर्षं वाजवतायत. तुला जास्त कळतं का?" आणि विषय संपला. दोन माणसांचे कान धडधाकट होते, त्यांना ऐकूही आले होते, आणि ज्याला ऐकू आले नाही त्याच्या शब्दावर दोघींनी विश्वास ठेवला.

तेव्हा मला भीती वाटू लागली. माझी नव्हे. फुटका टोप काय, भंगारात जाईल. पण मला आठवत होती ती अंगणातली चाके. ज्या कानाला माझे बद्द वाजणे कळले नाही, त्याच कानाने त्यांच्यावर पिवळे ठिपके मारले होते. आणि ट्रक मंगळवारी सकाळी येणार होता. हे जगात फक्त मला ठाऊक होते, आणि मला तर कोणी टिचकी मारल्याशिवाय बोलता येत नाही.

गुरुवारी त्याने पुन्हा मटण चढवले. शुक्रवारी पुन्हा. रोज तडा थोडा वर सरकत होता. रोज तो मला वाजवत होता, रोज मी खरे सांगत होतो, आणि रोज तो मला खोटी शाबासकी देत होता.

शनिवारी दुपारी बायको आणि मुलगी बाजारात गेल्या. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. कानसेनाने खांद्याचा मोठा तुकडा माझ्यात ठेवला, गॅस अगदी बारीक केला आणि खुर्चीचा डुगडुगता पाय घेऊन गॅलरीत गेला. चार पावलांवर, माझ्याकडे पाठ करून तो लाकूड घासू लागला.

तासाभराने तडा बुडाशी उघडला. एक थेंब खाली पडला. चस्. मग दुसरा. मग धार लागली आणि ज्योत विझली. माझी बुडबुड थांबली. तिच्या जागी एक बारीक, लांब आवाज सुरू झाला. सूं.

पूर्वी माझी बुडबुड नुसती मंदावली, तरी गॅलरीतून त्याची मान वळायची. आता तो लाकूड घासत होता. वाऱ्याने पडदा आत फुगवला, गॅलरीतली हवा त्याच्या बाजूने स्वच्छ होती, आणि गॅस जमिनीलगत आतल्या खोलीकडे पसरत होता. सूं. माझ्याजवळ एवढे मोठे तोंड, आणि मी कोणाला हाक मारू?

मग चपलांचा फरफट आवाज आला. म्हातारी आली. तिला ऐकू येत नव्हते, पण नाक शाबूत होते. तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी गॅसचे बटण बंद केले, मग सिलिंडर, मग दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.  भिंतीला धरत ती गॅलरीत गेली आणि तिने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून उभा राहिला.

हवा मोकळी झाल्यावर दोघे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. समोरासमोर, एकमेकांचे ओठ बघत.

"मी बाहेर होतो, आई," तो म्हणाला.

"बाहेर असताना तुला झाकण हललेलं कळायचं." ती म्हणाली. "तू झाकण उचलायला कधीपासून लागलास?"

त्याने तिच्या ओठांवरची नजर काढून झाकणाकडे वळवली.

"मी चार वर्षं लपवलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यात आधी मी हेच करायला लागले होते. झाकण उचलायला."

तिने मटण दुसऱ्या भांड्यात काढले, मला पुसले आणि फळीवरचा पितळी खल खाली घेतला. त्याचा पंजा तिने खलावर ठेवला आणि बत्त्याने हलकेच ठोका दिला. खल गुणगुणला, ती गुणगुण त्याच्या बोटांना बराच वेळ लागत राहिली. मग तिने तोच पंजा माझ्या पोटावर ठेवला. "कानाला नको विचारूस. हाताला विचार," ती म्हणाली आणि मला ठोका दिला.

मी एकदाच थरथरलो आणि मेल्यासारखा गप्प झालो.

त्याने हात काढला नाही. "बद्द," तो म्हणाला. माझ्याविषयी तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

मग हळूहळू त्याने सांगितले. नक्की केव्हापासून ते त्यालाही ठाऊक नव्हते. दोन वर्षे तरी झाली असतील. समोरच्याचे बोलणे समजायचे. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. "हातोडीचा ठोका ऐकू येतो, आई. त्याच्या मागचं गाणं नाही ऐकू येत."

"मग ठिपका कसा मारतोस?"

तो खाली बघत म्हणाला, "दिसायला सगळी चांगलीच असतात."

बायको आली, तिला कळले, ती पिशवी हातात धरूनच खाली बसली. खोलीत अजून गॅसचा वास होता. मग ती म्हणाली, की कोणाला सांगू नका. कामावर गेल्यावर पाठदुखीचे निमित्त काढा, दुसरे काम मागून घ्या. चार वर्षांत निवृत्ती. "सगळी ओतशाळा तुम्हाला कानसेन म्हणते. उद्या काय म्हणतील?" तिचेही चुकत होते असे मला म्हणवत नाही. ज्या माणसाजवळ एकच गुण असतो, त्याचा तोच गेला असे चारचौघांत सांगायला सांगणे सोपे नाही.

 मुलगी वडिलांच्या समोर आली, नीट तोंडासमोर, आणि सावकाश म्हणाली, "बाबा, ती दवाखान्याची लिफ्ट किती मजले वर जाते?"

"चौदा," तो म्हणाला.

अर्धे कच्चे मटण कुकरने शिट्ट्या मारत शिजवले. कोणी फारसे जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला पिशवीत घातले आणि ओतशाळेत नेले. गवंडी अस्तर लावत होते आणि मुकादम त्यांच्यावर ओरडत उभा होता. कानसेनाने मला त्याच्यासमोर धरले आणि हातोडीने वाजवले.

मुकादमाने तोंड वाकडे केले. "सुट्टीत घरचं फुटकं भांडं वाजवून दाखवायला आलास होय रे?"

"तुम्हाला ते फुटकं वाजलं, मुकादम," तो म्हणाला. "मला नाही वाजलं."

मुकादमाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने अंगणातल्या चाकांकडे पाहिले आणि तो विटांच्या ढिगावर बसला.

त्या दिवशी मुकादम आणि एक तरुण कामगार अशा दोघांनी मिळून एकशे चाळीस चाके पुन्हा वाजवली. कानसेन भिंतीशी उभा राहून त्यांचे चेहरे बघत होता. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलला, की त्याला कळे. त्यांचा चेहरा सहा वेळा बदलला.

मंगळवारी ट्रक आला आणि रिकामा परत गेला; उरलेली चाकेही आणखी एकदा तपासल्याशिवाय सोडायला मुकादम तयार नव्हता. पण त्याआधी दोन वर्षे किती ट्रक भरून गेले होते. कानसेनानेच जुन्या वह्या काढून यादी केली. पत्रे गेली, माणसे उंच इमारतींच्या गच्च्यांवर चढली, चाके तपासली गेली. बहुतेक चांगली निघाली. काही वेळेवर उतरवली. एकोणीस चाकांचा पत्ता अजून लागलेला नाही. ती कुठे तरी फिरत आहेत, आणि दिसायला चांगलीच असणार.

मी आता घरी नाही. ओतशाळेत, जिथे चाके टांगतात तिथे, मी एका कानाने लटकतो. सकाळी ज्याला हातोडी घ्यायची असेल, त्याने आधी भिंतीकडे तोंड करायचे. मागून दुसरा माणूस कधी चांगले चाक वाजवतो, कधी मला. कोणते वाजले ते सांगता आले, तरच त्या दिवशी हातोडी हातात. हा नियम कानसेनानेच घालून दिला. पहिल्यांदा तो स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, सगळ्यांसमोर, आणि चुकला. आता तो साच्यांची वाळू चाळतो. काही दिवस त्याला कोणी कोणत्याच नावाने हाक मारेना. त्याची आई मात्र घरी म्हणते म्हणे, "आता या घरात दोन बहिरे. सुनेने भांडायचं तरी कोणाशी?" तो दुपारच्या सुट्टीत येतो, माझ्या पोटावर पंजा ठेवतो आणि घरचे सांगतो. रविवारी पुन्हा मटण होते. नव्या टोपाचे झाकण कोणी उचलत नाही. झाकणावर लाकडी डाव टेकवून तो दांडा हातात धरून बसतो, आणि आतली बुडबुड त्याच्या बोटांना कळते.

मित्रांनो, मी फुटका टोप तुम्हाला काय शिकवणार? पण तापल्या भांड्यात थंड पाणी ओतू नका. एखादी वस्तू कशीतरीच वाजली, तर मोठ्या माणसाने बरी म्हटली म्हणून गप्प बसू नका. आणि तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा झाकण उचलू लागले, उशिरा हसू लागले, तर त्याची थट्टा करू नका. त्याच्या समोर जा, तोंडासमोर उभे राहा आणि विचारा.

अठ्ठावीस वर्षे मला खणखणीत म्हणत, तेव्हा मी कोणाच्या उपयोगी पडलो असेन तर जेवणापुरता. आता मी रोज सकाळी बद्द वाजतो. कालपर्यंत तरी, रोज कोणाला तरी ते ऐकू आले आहे.